आभार वगळून

शनिवार, १४ मे १९८८. सायंकाळी साडेचार. चर्चच्या मागचं अंगण, फणसाखाली.

हजर: एस्तेरबाई (चार वाजून वीस मिनिटांपासून). विनोद. साळव्यांचे दोघे भाऊ. गायकवाडांच्या जुळ्या बहिणी. मुंबईहून सुट्टीला आलेली चार मावसभावंडं, पैकी एक अनवाणी. शमुवेल (पाच वाजून दहा मिनिटांनी, मिरजोळ्याहून सायकलने, चाळीस मिनिटं उशीर). पाळकीणबाई, सुकत घातलेली आमसुलं राखायला. दाऊदकाका, घंटा वाजवायची वेळ होईपर्यंत झोपलेले. मी, करुणा, सेक्रेटरी. गैरहजर: वीज.

ही नोंद माझ्याच हजेरीवहीतली. वहीच्या कडा वाळवीने खाल्ल्या आहेत, पण मजकूर शाबूत आहे, कारण मी तेव्हाही चारही बाजूंना समास सोडून लिहीत असे. परवा कपाट आवरताना ती हाताला लागली. खरं म्हणजे लागली नाही. मी शोधत होते. येत्या रविवारी आमच्या चर्चमध्ये एस्तेरबाईंसाठी उपकारस्तुतीची उपासना आहे आणि त्यात मला दोन मिनिटं बोलायचं आहे. बाईंनी एकवीस वर्षं आमचा तरुण संघ चालवला. त्यांच्या हाताखाली मी सात वर्षं काढली. या सगळ्या काळात, आणि त्यानंतरच्या त्याहून लांब काळात, मी त्यांचे एकदाही आभार मानलेले नाहीत. भांडण वगैरे काही नाही. राहून गेलं.

मे महिना असतोच असा, की त्यात गोष्टी राहून जातात. सकाळी आठलाच जांभ्याच्या पायऱ्या इतक्या तापतात की चप्पल शोधायला परत घरात शिरावं लागतं. घरात शिरलं की फणसाचा वास. फणस कुणी फोडलेला नसतो, तो नुसता कोपऱ्यात पोत्याखाली बसलेला असतो, पण पाहुण्यासारखी सगळ्या घराची जागा त्याने घेतलेली असते. अंगणात आमसुलांसाठी रातांबे फोडलेले, बोटं लाल, परकर लाल. पेट्यांचा पेंढा केसांत. हातखंब्याच्या तिठ्यावरून आंबे मुंबईला जातात आणि बदल्यात मुंबईहून भावंडं येतात, असा आमच्या लहानपणी सरळ व्यवहार होता. आमच्या तरुण संघाची हजेरी एरवी सात-आठ. मे महिन्यात एकदम बारा-तेरा. त्यातल्या निम्म्यांना समुद्र, फणस आणि दुपारची झोप यांच्याशिवाय कशात रस नसे. बाई त्यांना चटईवर बसवत आणि म्हणत, "सुट्टी शाळेला असते. देवाला नसते. हजेरी!"

बाई सरकारी नर्स होत्या, कुष्ठरोग तपासणीच्या पथकात. आठवडाभर एसटीने आणि पायी गावं पालथी घालायच्या; लोकांच्या पाठी आणि हातांवरचे चट्टे तपासायच्या, ज्यांच्या घरच्यांनी ताट वेगळं केलं असेल त्यांच्या घरी जाऊन मुद्दाम चहा मागायच्या. आणि शनिवारी साडेचारला दहा कमी असताना चर्चच्या अंगणात हजर. पांढरी साडी, काळी छत्री, पिशवीत शिट्टी. ती शिट्टी त्यांनी कधी वाजवली नाही. पिशवीत हात घातला तरी पुरत असे.

उशिरा येणाऱ्यांसाठी त्यांनी स्वतःची पद्धत बसवली होती. उशीर जितका, स्तोत्र तितकं लांब. पाच मिनिटं उशीर झाला तर सर्वांत छोटं, दोन ओळींचं पाठ म्हणायचं. पंधरा मिनिटांना मध्यम. अर्ध्या तासाच्या वर गेलं की ते सर्वांत मोठं, पावणेदोनशे ओळींचं, हप्त्याहप्त्याने. शमुवेल मिरजोळ्याच्या औद्योगिक वसाहतीत पहिल्या पाळीला होता. पाळी सुटायची, मग सायकलची चेन सुटायची, मग हा यायचा. तीन वर्षांत आमच्यात सर्वांत जास्त शास्त्र त्याला पाठ झालं. पाळकसाहेब एकदा कौतुकाने म्हणाले, "या मुलाला पाळकाच्या शिक्षणाला पाठवायला हवं." बाई म्हणाल्या, "साहेब, याला घड्याळ घेऊन द्या. आपोआप विसरेल."

(हा शमुवेल पुढे माझा नवरा झाला. अजून उशिरा येतो. स्तोत्रं मात्र आता म्हणत नाही.)

माझी गोष्ट वेगळी होती. मला बोलताच येत नसे. घरी येई, विहिरीवर येई, चार माणसं गोल करून बसली की जीभ टाळूला चिकटे. आणि तरुण संघात तर साखळी प्रार्थना असे: सगळ्यांनी डोळे मिटून गोलात बसायचं आणि एकापाठोपाठ एक, डावीकडून उजवीकडे, प्रत्येकाने मोठ्याने दोन वाक्यं प्रार्थना करायची. मी बारा वर्षांची होते, माझी पहिलीच वेळ. साखळी माझ्यापर्यंत आली आणि थांबली. मी डोळे मिटून बसले. सगळे डोळे मिटून बसले. वाट बघण्यात इतका वेळ गेला की दाऊदकाकांना, म्हणजे आमच्या चर्चच्या शिपायांना, वाटलं सभा संपली. त्यांनी कडेची चटई गुंडाळायला घेतली. चटईवर गायकवाडांच्या बहिणी होत्या.

"काका, आमेन झालं नाही अजून," बाई डोळे न उघडता म्हणाल्या.

"मग कोन म्हनतंय काय ते तरी सांगा गो," दाऊदकाका म्हणाले. "मना घंटेला जायचाय."

मी रडले. पुढच्या शनिवारी येणारच नव्हते. आईने ढकलत आणलं. बाईंनी मला बाजूला घेतलं. मला वाटलं आता धीर देतील, डोक्यावरून हात फिरवतील. त्यांनी पिशवीतून एक कोरी वही काढली.

"बोलता येत नाही ना? मग लिही. आजपासून हजेरी तुझ्याकडे. कोण आलं, किती वाजता आलं, काय घेऊन आलं, काय विसरून गेलं. देवालाही कळायला हवं ना कोण कोण आलंय."

"देवाला माहीत असतं," मी म्हणाले. हे माझं तरुण संघातलं पहिलं वाक्य.

"असतं. पण मला नसतं," बाई म्हणाल्या.

त्या वहीवर माझं सगळं आयुष्य उभं आहे, असं लिहिलं तर ते जरा जास्त होईल आणि बाई ती ओळ खोडतील. पण पुढे मी ज्या कचेरीत तीस वर्षं नोकरी केली, तिथे माझ्या टेबलावरून एकही कागद हरवला नाही. घरी कुणाचं लग्न असो वा कुणाचं ऑपरेशन, लोक आधी मला फोन करतात आणि मग नातेवाइकांना. याद्या करणारी बाई म्हणून माझी ओळख आहे. ती कुठून आली, ते मला माहीत आहे. फक्त ज्यांना सांगायला हवं त्यांना सांगितलेलं नाही.

यात थोडा दोष बाईंचाही आहे. आमच्या संघात आभार मानायला बंदी होती. एका नाताळाच्या कार्यक्रमात चर्चच्या पंच मंडळींपैकी एक गृहस्थ आभार मानायला उठले. बाकं दिली त्यांचे आभार, बाकं वाहिली त्यांचे, गाडी दिली तिच्या मालकाचे, बैलांच्या मालकाचे. तो वेगळा होता. मग बत्तीवाले, मग बत्तीत हवा भरणारे. शेवटाला आले आणि समोरून एक आजी उठून उभ्या राहिल्या. "आनि मी रांगोली काडली ती?" गृहस्थांनी माफी मागितली आणि, कुणी राहू नये म्हणून, पहिल्यापासून सुरुवात केली. चहा थंड झाला. लहान मुलं देवदूतांच्या पंखांवर झोपून गेली. त्यानंतर बाईंनी कार्यक्रमपत्रिकेतली शेवटची ओळ कायमची खोडली.

"ज्याने काम केलं त्याला माहीत आहे, ज्याच्यासाठी केलं त्यालाही माहीत आहे," त्या म्हणायच्या. "मग माइकला कशाला सांगायचं? तेवढ्यात खुर्च्या उचलून होतात."

एकवीस वर्षं आमच्याकडे कार्यक्रम झाले, सहली झाल्या, बरीच लग्नं जुळली, दोन मोडली. आणि त्या नाताळानंतर प्रत्येक वेळी शेवटी आभारांऐवजी खुर्च्या उचलल्या गेल्या.

आणि मग १९८८ च्या एप्रिलच्या शेवटी बाईंनी सभेत विषय मांडले. विषय पहिला: उन्हाळी सहल, भाट्याचा समुद्रकिनारा. विषय दुसरा: सहलीला चपात्या कोण आणणार. विषय तिसरा: माझी बदली, अलोरे, एक जूनपासून. विषय चौथा: चपात्यांबरोबर काय. त्या स्वतःच्या बदलीसकट सगळं एका दमात वाचून गेल्या. मी इतिवृत्तात तीन आणि चार लिहिलं आणि मग पेन थांबलं. साळव्यांचा धाकटा म्हणाला, "बाई, तिसरा परत वाचा." बाईंनी परत वाचला, त्याच आवाजात. अलोरे म्हणजे चिपळूणच्या पलीकडे, कोयना प्रकल्पाच्या वसाहतीत, तिथल्या दवाखान्यात.

"अलोरे म्हणजे विलायत नव्हे," त्या म्हणाल्या. "एसटी जाते. चौथा विषय घ्या."

पंच मंडळींनी सत्कार करायचं ठरवलं. बाईंनी निरोप पाठवला: सत्कार ठेवलात तर त्या दिवशी मी ड्यूटी लावून घेईन. शाल पाळकसाहेबांनी आणून ठेवली होती. ती शेवटी पाळकीणबाईंनी आमसुलांवर रात्रीचं दव पडू नये म्हणून वापरली. म्हणजे बाई जाणार, एकवीस वर्षं संपणार, आणि शेवटी खुर्च्या उचलून आम्ही घरी. संघाचं राहू दे. मला वैयक्तिक एक वाक्य द्यायचं होतं, आणि ते द्यायला फक्त मे महिना उरला होता.

युक्ती विनोदने काढली. विनोदचा आवाज मोठा होता आणि कल्पना त्याहून मोठ्या. "शास्त्रातलं असेल तर बाई खोडतील कसं?" तो म्हणाला. "दहा कुष्ठरोग्यांची गोष्ट घ्यायची. दहा जण बरे होतात, नऊ तसेच निघून जातात, एकटा परत येऊन आभार मानतो. गोष्टच आभारांची आहे! तो एक म्हणजे मी. प्रभूपुढे गुडघे टेकायचे, मग उठून बाईंकडे वळायचं आणि सगळ्यांच्या वतीने बोलायचं. बाई काय शास्त्र कापणार?"

बोलायचं काय, ते मी लिहिलं. आठ वाक्यं. विनोदच्या तोंडून का होईना, माझं वाक्य त्यात तिसऱ्या क्रमांकावर बसवलं. कागदाच्या दोन प्रती केल्या. एक त्याच्याकडे, एक माझ्याकडे. बाईंना दाखवलेल्या संहितेत ही आठ वाक्यं नव्हती. एस्तेरबाईंपासून काही लपवायची ती माझी पहिली खेप, आणि मला दोन दिवस जेवण गेलं नाही.

नाटक अर्थात बाईंनीच बसवलं. दुसरं कोण बसवणार? त्यांनी हजेरी घेऊन भूमिका वाटल्या. शमुवेलला प्रभू केलं, कारण एवढं पाठांतर दुसऱ्या कुणाचं नव्हतं. रोगी नऊच भरत होते; दहावी मी, डोक्यावरून ओढणी घेऊन, बिनसंवादाची. माझ्याकडे आणखी एक काम होतं. बरे झाल्यावर माझ्यासकट नऊ जणांना बाजूच्या दाराने बाहेर न्यायचं, फणसाखाली उभं करायचं आणि उपासना संपेपर्यंत आवाज होऊ द्यायचा नाही. बाईंनी मला तीनदा बजावलं, "गेलेले परत दिसता कामा नयेत. गोष्टच बिघडेल. तुझी जबाबदारी."

मुंबईच्या मुलांनी पहिल्या तालमीला तोंडाला कोळसा फासला, हात वाकडे केले आणि घशातून आवाज काढत आले. बाईंनी पिशवीत हात घातला. आवाज बंद.

"हे कोण आहेत?"

"रोगी, बाई."

"मी रोज बघते. गेल्या महिन्यात बावीस बघितले. एकाचंही तोंड असं नव्हतं. एक मास्तर आहेत, एक होडी चालवतो, एकीच्या हाताचे घावणे मी खाऊन आले. तोंड धुऊन या. हाताला नुसती पट्टी बांधा आणि माणसासारखे चाला. लोक दूर पळतात ते बघणाऱ्यांनी दाखवायचं असतं, तुम्ही नाही."

मुलं तोंड धुऊन आली. त्यानंतर नाटकात कुणी हसवायचा प्रयत्न केला नाही, त्यामुळे ते आपोआपच विनोदी होत गेलं. पट्ट्यांसाठी मी आईच्या जुन्या लुगड्याच्या चिंध्या केल्या, धुऊन अंगणातल्या दोरीवर घातल्या. खाली पाळकीणबाईंचे रातांबे. दुपारी वारा सुटला, चिंध्या रातांब्यांवर पडल्या आणि संध्याकाळी निघाल्या त्या रक्ताळलेल्या. पाळकीणबाई चष्मा न लावता बाहेर आल्या आणि किंचाळल्या. दाऊदकाका उठले आणि, कुणाला तरी लागलं असं समजून, त्यांनी घंटा वाजवली. पाच वाजताच. सगळी आळी चर्चमध्ये जमा झाली. आल्यासारखे आहेत तर एक गीत म्हणून घेऊ, असं पाळकसाहेब म्हणाले आणि म्हटलं. हजेरी: एकेचाळीस. हा आमचा त्या वर्षीचा उच्चांक.

पण मी विषयावर येते. मे महिन्याचा शेवटचा रविवार, दुपारची उपासना, साडेचार वाजता. आत बाकं भरलेली, मागे जादा खुर्च्या मांडलेल्या, खिडक्यांतून घामट वारा, पहिल्या बाकावर बाई, मांडीवर संहिता, बोटाने ओळ धरलेली. दहा जण आलो, लांब उभे राहिलो, दयेसाठी हाका मारल्या. शमुवेल त्या दिवशी वेळेवर आला होता, त्यामुळे स्वतःच गांगरला होता. पण बोलला नीट. आम्ही चालू लागलो, वाटेत पट्ट्या सोडल्या, एकमेकांचे हात बघितले. मग ठरल्याप्रमाणे विनोद थबकून मागे वळला आणि मी बाकीच्या आठांना बाजूच्या दाराने बाहेर काढलं. फणसाखाली रांग. मी नववी. सगळं घड्याळावर.

आतून विनोदचा आवाज आला. देवाची स्तुती, गुडघे, ठीक. मग पायांचा आवाज. तो बाईंकडे वळला असणार. मी ओढणीखालून माझी प्रत काढली आणि पहिल्या वाक्यावर बोट ठेवलं.

"बाई," विनोद म्हणाला.

आणि थांबला. मी वाट बघितली. दुसरं वाक्य नाही, तिसरं नाही. मग एक आवाज आला, जो आठ वाक्यांत कुठेच नव्हता. विनोद, ज्याच्या आवाजाने बंदरावरचे कावळे उठत, तो विनोद रडत होता.

साळव्यांचा मोठा माझ्या शेजारी होता. तो म्हणाला, "एकट्याला टाकून काय उभं राहायचं?" आणि आत गेला. मग धाकटा. मग गायकवाडांच्या दोघी, एकमेकींचा हात धरून. मी दबक्या आवाजात म्हणाले, "थांबा! आपण गेलेले आहोत! गोष्ट बिघडेल!" मुंबईचा अनवाणी मुलगा जाता जाता म्हणाला, "तू सांभाळ गोष्ट," आणि तोही गेला, आणि त्याच्यामागे उरलेली तिन्ही भावंडं. फणसाखाली मी आणि कागद. मी खिडकीच्या गजांतून बघितलं.

आत नऊ जण उभे होते, बाईंसमोर, पट्ट्या लोंबत असलेले. आणि त्यांच्यापुढे शमुवेल, ज्याचा शेवटचा संवाद यायचा होता. तीन वर्षं स्तोत्रं पाठ केलेला माणूस; एकदा पाठ झालेलं त्याला थांबवता येत नाही. त्याने समोरच्या नऊ जणांकडे बघितलं, हात पसरले आणि म्हणाला:

"बरे तर दहा झाले होते. बाकीचे नऊ कुठे गेले?"

पहिल्यांदा दाऊदकाका हसले. मग मागची बाकं. मग पाळकसाहेब, रुमाल तोंडावर धरून. बाई हसल्या नाहीत. संहिता मिटून उभ्या राहिल्या.

"हे शास्त्रात नाही," त्या म्हणाल्या. "आठ जण मागे जा."

कुणी हललं नाही. एकवीस वर्षांत पहिल्यांदा बाईंनी सांगितलेलं कुणी ऐकलं नाही. मग त्यांनी ते केलं जे त्या भाट्याच्या वाळूत, एसटीत चढताना, प्रत्येक सहलीच्या शेवटी करत. बोट पुढे करून मोजलं. चष्मा वर करून पुन्हा मोजलं.

"नऊच आहेत. एक कोण राहिलं?"

"करुणा, बाई," शमुवेल प्रभूच्या वेशात म्हणाला. "ती नियमाने बाहेर आहे."

यावर जे हसू उसळलं, ते मला आजही ऐकू येतं. मी आत जायला हवं होतं. दहा पावलं. मी हे पुष्कळदा तपासून बघितलं आहे. पाय का उचलले नाहीत? मला जबाबदारी दिली होती, हे खरं. कुणी तरी गोष्टीप्रमाणे बाहेर राहायलाच हवं होतं, हेही खरं. पण खरं कारण एवढंच की आत गेले असते तर सगळे बघत असताना बोलावं लागलं असतं.

बाईच बाहेर आल्या. फणसाखाली माझ्यासमोर उभ्या राहिल्या.

"इथे का उभी?"

"बाई, संहितेत..."

"बरोबर आहे तुझं. एकटीचंच बरोबर आहे." त्यांनी माझ्या हातातला कागद बघितला. उलटा दिसत होता, तरी वाचला असावा. त्यांची नजर तिसऱ्या ओळीवर मला थांबल्यासारखी वाटली. मी तोंड उघडलं. शपथेवर सांगते, उघडलं होतं. बाई म्हणाल्या, "चल आत. खुर्च्या उचलायच्या आहेत."

एक तारखेला सकाळी आम्ही सगळे त्यांना एसटी स्टँडवर सोडायला गेलो. पुन्हा एक संधी. आदल्या दिवशी मी वाक्य घोटून ठेवलं होतं. गाडी लागली, बाई चढल्या, खिडकीत बसल्या, माझ्याकडे बघून म्हणाल्या, "काय गं?" आणि मी म्हणाले, "बाई, सामान सात नग. टपावर चार, आत तीन. छत्री धरून."

"शाब्बास," बाई म्हणाल्या, आणि गाडी सुटली.

त्या सुटलेल्या गाडीपाठोपाठ मी किती वेळा अलोऱ्याला गेले? एकदाही नाही. पत्रं मात्र लिहिली. त्यांच्यानंतर संघ माझ्याकडे आला, अकरा वर्षं. दर तीन महिन्यांनी त्यांना अहवाल पाठवत असे, हजेरीसकट. त्या उलट टपाली उत्तर देत, बेरजेतल्या चुका दाखवून. एका पत्रात मी शेवटी "आपली आभारी" असं सहीच्या वर लिहिलं. ते त्यांनी लाल शाईने कंस करून परत पाठवलं: अनावश्यक.

आता बाई ऐंशीच्या पुढे आहेत, चिपळूणला भाचीकडे. गुडघे गेलेत, कान कमी झालेत, मोजणं चालू आहे. आमच्या आजच्या तरुण संघातल्या मुलांनी ठरवलं की बाईंना आणायचं. विचारायला फोन मी केला, भाचीने लाऊडस्पीकरवर टाकला.

"आभार असतील तर मी येत नाही," बाई ओरडून म्हणाल्या. "माझी हाडं खिळखिळी झालीत."

"आभार नाहीत, बाई. देवाची उपकारस्तुती आहे. आणि आठवणी."

"आठवणी कोण सांगणार?"

"मी."

पलीकडून फोन जवळ ओढल्याचा आवाज आला.

"तू बोलणार?" बाई म्हणाल्या. "मोठ्याने?"

"हो."

"किती मिनिटं?"

"दोन."

"मग येते," बाई म्हणाल्या. "पुढच्या बाकावर बसव. मला कमी ऐकू येतं."

तेव्हा आज, शुक्रवारी दुपारी, परिस्थिती अशी आहे. गाडी ठरली, पुढची सीट मागे सरकवून बघितली. हातांची खुर्ची पाळकांच्या घरून येईल. पायरीला फळी ठोकून झाली. बिनमिठाचं जेवण साळव्यांकडे. विनोद पुण्याहून उद्या पोचतो; आवाज अजून तसाच आहे. जनरेटर सांगितला, कारण वीज अजून तशीच आहे. चहाचे कप मोजले. पंख्यांना तेल दिलं. माइकची तपासणी दोनदा.

भाषणाचे सहा खर्डे झाले. सकाळी सहावा शमुवेलला वाचून दाखवला. त्याने चहा संपवला, कप खाली ठेवला.

"चांगला आहे," तो म्हणाला. "पण हा अहवाल झाला गो."

"मग काय लिहू?"

"मना काय इचारतंस? तुला काय सांगायचंय ते लिही की."

तो कामाला गेला, उशिरा. मी सहाही कागद फाडले आणि नवा घेतला. चारही बाजूंना समास आखला. वर "बाई," एवढं लिहून झालं आहे. बाकीचं लिहायचं आहे.